बीपी पडेल म्हणून दुखणं सोसायचं का?

सातारा जिल्ह्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. वडील ६७ वर्षांचे, मधुमेह जुना. अँजिओग्राफीत हृदयाच्या तीन रक्तवाहिन्यांत अडथळे निघाले. हृदयाचं पंपिंग ४० टक्के (म्हणजे कमी), मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.६. पुण्यात बायपास ठरली आहे, दहा दिवसांवर. गेल्या वर्षी आत्याच्या यजमानांची हीच शस्त्रक्रिया झाली. आयसीयूत दुखण्याचं इंजेक्शन दिल्यावर त्यांचं वरचं बीपी १३० वरून ८० वर आलं आणि सगळ्यांची धावपळ झाली. ते बरे होऊन घरी आले, पण ती गोष्ट घरात सगळ्यांच्या मनात बसली. आता वडील म्हणतात, "दुखलं तर दुखू दे, मी सोसीन. हृदय आधीच कमजोर, त्यात अफूचं इंजेक्शन नको." आई त्यांच्या बाजूने आहे. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या घरात आहेतच, त्यावर भागवू, असं तिचं म्हणणं. भाऊ म्हणतो, डॉक्टरांना असलं काही सांगूच नका, ते चिडतील. बाबा सात-आठ वर्षं रोज रात्री अल्प्राझोलामची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी घेऊन झोपतात आणि जोरात घोरतात, तेही सांगू नका, नाहीतर ऑपरेशन पुढे ढकलतील. ताई विचारतात: बाबांचं ऐकून लेखी नकार द्यायचा, की त्यांना न सांगता सगळं डॉक्टरांवर सोपवायचं?

ताई,

बाबांची भीती निराधार नाही, हे आधी मान्य करू. मॉर्फिन, फेंटानिल, ट्रॅमाडॉल ही अफूच्या कुळातली औषधं. त्यांनी बीपी खाली येऊ शकतं, नाडी मंदावू शकते. पण तुमच्या घरात तीन गोष्टी धरून चालल्या आहेत आणि तिन्ही तपासायला हव्यात. ही औषधं हृदयाचा स्नायूच कमजोर करतात, ही एक. दुखणं सोसलं की हृदय सुरक्षित राहतं, ही दुसरी. आणि इंजेक्शनऐवजी गुडघ्याच्या गोळ्या घेतल्या तर धोका टळतो, ही तिसरी. सगळ्यांत धोक्याची ही तिसरी, आणि नेमकी तिचीच घरात कुणाला भीती वाटत नाही.

हृदयाच्या शस्त्रक्रियेत ही औषधं आली तीच मुळी रक्ताभिसरण स्थिर ठेवतात म्हणून. एके काळी भुलीसाठी हॅलोथेनसारखे वायू वापरायचे आणि ते हृदयाचं आकुंचनच ढिलं करायचे. ज्याची झडप खराब आहे, पंपिंग आधीच कमी आहे, त्याला ते झेपत नसे. १९६९ साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या एडवर्ड लोवेनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिरेतून मोठ्या मात्रेत मॉर्फिन दिल्यावर काय होतं ते मोजून प्रसिद्ध केलं. मात्रा होती किलोमागे १ मिलिग्रॅम, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ७० मिलिग्रॅम! आज आयसीयूत एका वेळी २ ते ३ मिलिग्रॅम देतात. एवढ्या मात्रेनंतरही, श्वास यंत्राने सांभाळलेला असताना, हृदय मिनिटाला जितकं रक्त पुढे ढकलतं ते प्रमाण घटलं नाही. महाधमनीची झडप बिघडलेल्यांत तर ते वाढलं.

मॉर्फिनच्या अडचणी पुढे उघड झाल्या. मॉर्फिनमुळे शरीरात हिस्टामिन नावाचं रसायन सुटतं, रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी घसरतं आणि ते सावरायला सलाईनच्या बाटल्यांमागून बाटल्या लावाव्या लागतात. बेल्जियमच्या पॉल यान्सन यांच्या प्रयोगशाळेत १९६० साली तयार झालेल्या फेंटानिलला हा हिस्टामिनचा दोष नाही, म्हणून सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून हृदयाच्या भुलीत ते रूढ झालं, तेही किलोमागे ५० ते १०० मायक्रोग्रॅम अशा मोठ्या मात्रेत. नव्वदच्या दशकात मात्रा झपाट्याने खाली आली. कारण हृदय बिघडत होतं असं नाही. रुग्ण दुसऱ्या दिवसापर्यंत व्हेंटिलेटरवर पडून राहायचा. आता अनेक ठिकाणी संपूर्ण शस्त्रक्रियेत किलोमागे ५ ते १० मायक्रोग्रॅममध्ये भागतं. म्हणजे "कमीत कमी द्या" हे बाबांचं म्हणणं आजच्या वैद्यकाला धरूनच आहे. "अजिबात नको" ही वेगळी गोष्ट.

मग बीपी पडतं कशाने? मॉर्फिनमुळे शिरा सैलावतात, रक्त पायांत आणि पोटात थांबतं, हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं. फेंटानिल मेंदूच्या बुंध्यातून हृदयाला ब्रेक लावणारी व्हेगस नस जागी करतं, नाडी पन्नासपर्यंत येऊ शकते. मेटोप्रोलॉलसारखी नाडी मंद करणारी गोळी चालू असलेल्यांत जास्तच. पण नेहमी घडणारं कारण आणखी वेगळं आहे, आणि आत्याच्या यजमानांच्या बाबतीत ते असण्याची शक्यता बरीच वाटते.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही तासांत शरीरात रक्त-पाणी कमी पडलेलं असतं. छातीत साचणारं रक्त बाहेर काढायला लावलेल्या ड्रेनच्या नळ्यांतून रक्त जात असतं, लघवी भरपूर होते, थंड पडलेलं शरीर गरम होऊ लागलं की कातडीच्या रक्तवाहिन्या उघडतात. तरीही मॉनिटरवर १३० दिसतं, कारण वेदनेने ॲड्रेनलिन उसळलेलं असतं आणि रक्तवाहिन्या आवळून धरलेल्या असतात. तो १३० चा आकडा उसना असतो. इंजेक्शनने वेदना गेली, आवळलेली मूठ सुटली आणि आत दडलेली कमतरता उघडी पडली. त्याच वेळी झोपेसाठी मिडॅझोलाम किंवा बीपीसाठी नायट्रोग्लिसरीनचा ड्रिप चालू असेल तर घसरण आणखी. अशा वेळी जाणकार सिस्टर आणि डॉक्टर आधी ड्रेनच्या बाटलीकडे बघतात: दोन तासांत किती रक्त आलं, की येता येता अचानक थांबलं? हृदयाभोवती रक्त साचून त्यावर दाब येत असेल, तर इंजेक्शनला दोष देऊन गप्प बसणं महागात पडतं.

आणि ८० हा आकडा आयसीयूत कुणाच्या नजरेतून सुटत नाही. मनगटाच्या धमनीत घातलेल्या बारीक नळीमुळे प्रत्येक ठोक्याचं बीपी पडद्यावर येत असतं. तिथे सरासरी दाब पाहतात. खालच्या बीपीत, वरच्या-खालच्यातल्या फरकाचा एक तृतीयांश मिळवला की तो येतो. १००/६० ला सरासरी ७३, बहुतेकांना ठीक. ८०/५० ला ६०, म्हणजे हालचाल करायची वेळ. इंजेक्शन थांबवतात, पाय उंच करतात, १०० ते २५० मिलिलिटर द्रव देऊन प्रतिसाद बघतात, लागलं तर बीपी वाढवणाऱ्या नॉरॲड्रेनलिनच्या ड्रिपचा वेग वाढवतात. नाडी मंद असेल तर ॲट्रोपिन, नाहीतर शस्त्रक्रियेच्या वेळी हृदयावर लावून बाहेर काढलेल्या, ठोके चालवणाऱ्या पेसिंगच्या तारा असतातच. तुम्ही काचेतून पाहिलेली धावपळ म्हणजे बहुधा हेच. तोल जाताना पाहणाऱ्याला घाम फुटतो, पण सावरायची साधनं हाताशी असतात.

आता दुसरं गृहीतक. बायपासमध्ये छातीचं हाड मधोमध कापून नंतर स्टीलच्या तारांनी बांधतात. डाव्या बाजूची, छातीच्या आतली धमनी काढून हृदयाला जोडली असेल तर त्या बाजूचा पिंजरा जास्त ताणला जातो, म्हणून डावीकडे जास्त दुखतं आणि कातडी बधिर लागते. पायातून शीर काढली असेल तर तिथे वेगळी जखम. पहिले दोन दिवस सगळ्यांत वाईट. खोकताना, कुशीवर वळताना आणि ड्रेन काढताना कळ जाते.

ही कळ सोसताना बाबा दात आवळून गप्प राहतील, पण त्यांची नाडी गप्प राहणार नाही. ती ८० वरून ११० वर जाईल. हृदयाच्या डाव्या भागाला रक्त मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत मिळतं, आणि नाडी वाढली की आधी तीच विश्रांती कमी होते. म्हणजे काम वाढलं आणि खुराक घटला, तोही ४० टक्के पंपिंगच्या हृदयाचा. बीपी उसळलं तर ताज्या टाक्यांतून रक्त झिरपू शकतं. दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, खोकत नाही, फुप्फुसाचा तळ मिटतो, कफ साचतो. ऑक्सिजन कमी झाला की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. सोसण्याची किंमत अशी फुप्फुसाच्या वाटेने पुन्हा हृदयाकडेच येते.

तुमच्या घरात "दुखण्याचं इंजेक्शन" असा एकच शब्द चालतो, पण त्यात दोन वेगळे प्रश्न आहेत. शस्त्रक्रिया चालू असताना आणि शस्त्रक्रियेनंतर. हाड कापतानाच्या क्षणी, माणूस गाढ भुलीत असला तरी, शरीराला तो घाव कळतो आणि बीपी उसळतं. ती उसळी फेंटानिल दाबतं. ते नको म्हटलं तर भूलतज्ज्ञाला भुलीचा वायू किंवा प्रोपोफॉल हे शिरेतून द्यायचं भुलीचं औषध वाढवावं लागतं, आणि ही औषधं बीपी फेंटानिलपेक्षा जास्त पाडतात. तेव्हा लेखी नकार देण्याचा हक्क बाबांना पूर्ण आहे, पण ज्या भीतीपोटी तो द्यायचा, तीच गोष्ट ओढवण्याची शक्यता त्याने वाढेल. शस्त्रक्रियेपुरता हा निर्णय भूलतज्ज्ञावर सोडावा, असं माझं स्पष्ट मत आहे. नंतरच्या दिवसांबद्दल मात्र बाबांनी बोलावं, मागावं, अटी घालाव्यात.

मागायचं काय? "अफूची औषधं कमीत कमी लागतील अशी योजना कराल का?" एवढं एक वाक्य. हृदयशस्त्रक्रियेनंतर लवकर बरं होण्यासाठीची २०१९ सालची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात: एकाच औषधाचा मोठा डोस देण्याऐवजी वेगवेगळ्या मार्गांनी वेदना कमी करा. पाया पॅरासिटामॉलचा, दर सहा तासांनी, दुखेपर्यंत न थांबता. त्यावर बधिरीकरणाचा ब्लॉक: सोनोग्राफीत बघून छातीच्या हाडाच्या दोन्ही कडांना किंवा पाठीच्या स्नायूखाली बधिर करणारं औषध सोडतात. आणि अफूच्या कुळातलं औषध फक्त उरलेल्या कळेपुरतं, थोडं थोडं.

ब्लॉकबद्दल अपेक्षा नेमकी ठेवा. हाडाच्या कडेचा ब्लॉक हाडाचं दुखणं कमी करतो. वरच्या पोटातून बाहेर आलेल्या ड्रेनच्या जागेला आणि पायाच्या जखमेला तो पोचत नाही. एकदाच सोडलेलं औषध काही तासांत ओसरतं, मग रात्री दोन वाजता "ब्लॉक फेल गेला" असं वाटतं. तेव्हा काय द्यायचं ते आधी ठरलेलं असावं. पाठीच्या मणक्यातली एपिड्युरल नळी वेदना छान थांबवते, पण बीपी तीही पाडते, आणि या शस्त्रक्रियेत रक्त पातळ करायला हेपारिन भरपूर देतात, त्यामुळे मणक्यात रक्त साचण्याचा धोका असतो. अफूविरहित म्हणून जी औषधं सुचवतात त्यांचंही तसंच: डेक्समेडेटोमिडिनने नाडी आणि बीपी दोन्ही खाली येतात, केटामिनने दोन्ही वर जातात. साधं पॅरासिटामॉल शिरेतून भरभर सोडलं तर आजारी माणसाचं बीपी तेही थोडा वेळ पाडू शकतं! रक्ताभिसरणाला अजिबात हात न लावणारं औषध या कपाटात नाही.

आता बाबांची फाईल. इथे भावाच्या सल्ल्याला ठाम विरोध करावा लागेल.

अल्प्राझोलाम लपवू नका. ते माहीत नसेल तर दोन्ही बाजूंनी घात होतो. एक म्हणजे, त्याच गटातलं मिडॅझोलाम आणि अफूचं औषध एकत्र आलं की गुंगी, श्वास आणि बीपी या तिन्हींवरचा परिणाम बेरजेपेक्षा जास्त होतो. दुसरं असं की सात-आठ वर्षांची गोळी अचानक बंद झाली तर दोन-तीन दिवसांत थरथर, घाम, धडधड, बीपी वर, भ्रम, क्वचित फिट. नेमक्या त्याच दिवसांत शस्त्रक्रियेनंतर हृदयाची लय बिघडते. तिघा-चौघांत एकाला ती बिघडतेच, बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. मग बाबा बेडवरून उठायला धडपडतात, नळ्या ओढतात, आणि कारण कुणालाच उमगत नाही. एवढ्याशा गोळीसाठी शस्त्रक्रिया सहसा पुढे ढकलत नाहीत. भूलतज्ज्ञ ती चालू ठेवायची की कशी कमी करायची ते सांगतात. तुम्ही स्वतः मात्र बंद करू नका. भुलीच्या तपासणीला जाताना गोळीची पट्टीच सोबत न्या. नाव सांगताना ०.२५ आणि ०.५ मध्ये गल्लत होते.

घोरणं हीसुद्धा मामुली गोष्ट नाही. झोपेत श्वास थांबतो का, मध्येच घुसमटून उठतात का, हे आईंना विचारा. शेजारी झोपणाऱ्यालाच ते माहीत असतं. अशा माणसाला अफूचं औषध जास्त गुंगवतं. श्वास उथळ झाला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो, त्याने फुप्फुसातला दाब वाढतो आणि उजवं हृदय थकतं. नाकाला ऑक्सिजन लावलेला असेल तर बोटावरच्या क्लिपवर ९५ दिसत राहतं आणि आतला बिघाड झाकला जातो. म्हणून आकड्यापेक्षा माणूस बघा: हाक मारल्यावर डोळे उघडून नीट उत्तर देतो का, आणि मिनिटाला श्वास किती. बोलता बोलता झोप लागत असेल किंवा श्वास १० च्या खाली गेले असतील तर लगेच सिस्टरला बोलवा, "झोपलेत शांत, झोपू दे" म्हणू नका.

क्रिएटिनिन १.६ म्हणजे मूत्रपिंड मंद. मॉर्फिनपासून शरीरात तयार होणारा एक जोरदार पदार्थ मूत्रपिंडातूनच बाहेर जातो, तो साचला की गुंगी उशिरा येते आणि लांबते. म्हणून अशा रुग्णात फेंटानिलकडे कल असतो, तोही एका वेळी २५ ते ५० मायक्रोग्रॅम. "मॉर्फिन की फेंटानिल, आणि का?" हा प्रश्न बाबांच्या बाबतीत रास्त आहे. वेगाचाही फरक आहे. फेंटानिलचा जोर काही मिनिटांत कळतो, शिरेतल्या मॉर्फिनचा पूर्ण जोर यायला वीसेक मिनिटं लागतात. पाच मिनिटांनी "अजून दुखतंय हो" म्हणून नातेवाइकांनी तगादा लावला आणि दुसरा, तिसरा डोस गेला, की वीस मिनिटांनी सगळे एकदम चढतात. काही ठिकाणी रुग्णाने स्वतः बटण दाबून घ्यायचा पंप देतात. त्यात गुंगलेला माणूस बटण दाबत नाही, हीच सुरक्षितता आहे. दया येऊन मुलीने किंवा जावयाने ते दाबलं की ती संपली.

शस्त्रक्रियेत रेमिफेंटानिल हे अफूच्या कुळातलं झटपट उतरणारं औषध वापरलं तर एक प्रश्न आणखी विचारा: ते बंद झाल्यावर पुढचं औषध कधी सुरू होईल? ते थांबवल्यावर पाच-दहा मिनिटांत उतरतं. पुढची सोय नसेल तर रुग्ण एकदम पूर्ण वेदनेत जागा होतो आणि बीपी उसळतं. बीपीच्या गोळ्यांचंही विचारून घ्या. रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन चालू असेल तर अनेक डॉक्टर शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवसापासून थांबवतात, कारण तिच्यासोबत भुलीतली घसरण खोल जाते. मेटोप्रोलॉल सहसा चालू ठेवतात. कुठली सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची, ते कागदावर लिहून घ्या.

अफूच्या औषधावर उतारा असतो का, हे बाबा विचारतीलच. असतो, नॅलॉक्सोन. पण हृदयाच्या रुग्णाला तो एकदम पूर्ण देत नाहीत. ०.४ मिलिग्रॅमची कुपी १० मिलिलिटर करून, एका वेळी एक मिलिलिटर, म्हणजे ४० मायक्रोग्रॅम, असा श्वास सुधारेपर्यंत देतात. एका झटक्यात दिला तर वेदना एकदम परत येते, नाडी-बीपी उसळतं, फुप्फुसात पाणी भरू शकतं. शिवाय त्याचा अंमल तास-दीड तासात उतरतो आणि मूळ औषध अजून बाकी असतं, त्यामुळे रुग्णाला पुढेही नजरेखाली ठेवावं लागतं.

वॉर्डात आल्यावर प्रश्न बदलतो. तिथे ठोक्याठोक्याचं बीपी कुणी बघत नसतं आणि घसरण होते ती उठताना. ट्रॅमाडॉल, मेटोप्रोलॉल, पाणी उतरवायची गोळी, आणि प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन चालू असेल तर तीही. हे सगळं पोटात असताना रात्री लघवीला घाईने उठलेला माणूस बाथरूमच्या दारात पडतो. आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडून दोन-तीन मिनिटं बसायचं, मग कुणाला तरी धरून उभं राहायचं. दिवसातून एकदा बसून आणि उभं राहिल्यावर तिसऱ्या मिनिटाला बीपी मोजायला सांगा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला, किंवा डोळ्यापुढे अंधारी आली, तर डॉक्टरांना कळवा. श्वासाचा व्यायाम आणि चालणं यांच्या पाऊण तास आधी पॅरासिटामॉल गेलेलं असावं. खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची. आयसीयूत जाताना घरची एक लहान, घट्ट उशी बरोबर ठेवा.

अफूच्या औषधांनी बद्धकोष्ठ होतो आणि शौचाला कुंथताना बीपी आधी वर, मग एकदम खाली जातं, शिवाय हाडावर ताण. घरचा उपाय म्हणून इसबगोल देऊ नका. त्याला भरपूर पाणी लागतं आणि हृदयाच्या रुग्णाला पाणी बहुधा मोजून दिलेलं असतं. ट्रॅमाडॉल सुरू झाल्या दिवसापासून रात्री लॅक्ट्युलोज १५ ते ३० मिलिलिटर द्यायचं का, ते विचारा.

सवय लागेल ही भीती पत्रात ओझरती आली आहे. रुग्णालयात काही दिवस, कमी मात्रेत, दुखण्यासाठी घेतलेल्या औषधाने ती सहसा लागत नाही. लागते ती घरी, तारीख न ठरवता, मेडिकलमधून पुन्हा पुन्हा आणलेल्या गोळीने. २०१८ पासून ट्रॅमाडॉल आपल्याकडे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, ते उगीच नाही. डिस्चार्जच्या दिवशी दोन गोष्टी लिहून घ्या: गोळ्या किती आणि शेवटची कुठल्या तारखेला. ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेल्या गोळीत ३७.५ आणि ३२५ मिलिग्रॅम असतं. ती दिवसाला तीन, शिवाय ६५० ची साधी गोळी चार वेळा, म्हणजे पॅरासिटामॉल ३,५७५ मिलिग्रॅम झालं. वर आईंनी "ताप वाटतो" म्हणून आणखी एक दिली की ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडली. झडपेचं काम झालेले आणि रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणारे जे वाचक आहेत त्यांच्यासाठी: ट्रॅमाडॉल आणि रोजचं पॅरासिटामॉल दोन्हींनी आयएनआर (रक्त किती पातळ झालं ते दाखवणारा आकडा) वर जाऊ शकतो, तपासणी लवकर करा.

राहिल्या गुडघ्याच्या गोळ्या. तुम्ही नाव लिहिलं नाही, पण पट्टी उलटी करून बारीक अक्षर वाचा. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, इटोरिकॉक्सिब यांपैकी काही असेल तर बायपासच्या दुखण्यासाठी ती देऊ नका. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ पासून या गटाच्या गोळ्यांवर ठळक चौकटीत तसा इशारा छापायला लावला आहे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, बायपासनंतर याच गटातली पॅरेकॉक्सिब आणि व्हाल्डेकॉक्सिब ही औषधं दिलेल्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, गुठळ्या असे प्रकार जास्त दिसले. या गोळ्या शरीरात मीठ-पाणी अडवतात, १.६ क्रिएटिनिनच्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी घटवतात, आणि आयबुप्रोफेन तर ॲस्पिरिनला तिचं काम करू देत नाही. नवी जोडलेली रक्तवाहिनी उघडी राहावी म्हणून ती ॲस्पिरिन दिलेली असते. या गोळीने बीपी पडत नाही, चक्कर येत नाही, कुणाची धावपळ होत नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी पायावर सूज येते, लघवी कमी होते, धाप लागते, आणि घरचे म्हणतात ऑपरेशनच नीट झालं नाही.

ती पट्टी आणि अल्प्राझोलामची पट्टी, दोन्ही एका पाकिटात घालून भुलीच्या तपासणीला न्या. बाबांनाही आत न्या, आणि आत्याच्या यजमानांचं ८० बीपी त्यांनाच डॉक्टरांना सांगू दे. गुडघ्याची गोळी शेवटची कधी घेतली तेही विचारतील. भावाला यायचं असेल तर येऊ दे, पण बोलायचं बाबांनी.